‘खिडकीची सीट’ म्हणजे नेमकी कोणती?

लोक विमानात हौसेने खिडकी मागून घेतात आणि वाट्याला येतो पंख. कारण सगळे आधी ओळ बघतात. आधी बाजू ठरवा हो!

बाजू ठरते उन्हावरून. विमान सकाळी उत्तरेकडे निघालं असेल तर ऊन उजवीकडून येणार, म्हणून डावीकडची ए अक्षराची सीट घ्या. दुपारनंतर उलट, म्हणजे एफ. (दोन वाटांच्या मोठ्या विमानात उजवी खिडकी बहुतेक वेळा के असते.) उन्हाच्या बाजूला काचेवरचा एकूण एक ओरखडा चमकतो आणि खाली नुसता पांढुरका धुरळा. सावलीच्या बाजूने डोंगरांच्या घड्या, नदीची वळणं लख्ख दिसतात. खाली ढग असले तर त्यांच्यावर विमानाची इवलीशी सावली पळताना दिसते, कधी तिच्याभोवती रंगीत कडंही. हे फक्त सूर्याच्या विरुद्ध बाजूला. सूर्यास्तच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी. आणि काठमांडूहून भूतानमधल्या पारोला जाताना ऊन कुठेही असो, डावीकडेच बसायचं. एव्हरेस्ट त्या बाजूला आहे.

आता ओळ. ए320 किंवा 737 सारख्या एका वाटेच्या विमानात पंखाच्या पुढे बसा, तेही तीन-चार ओळी सोडून, कारण इंजिन पंखाच्याही पुढे आलेलं असतं. पंखामागून जमीन दिसते, पण इंजिनाच्या गरम झोतातून बघितल्यामुळे ती थरथरते आणि फोटो गढूळ येतात. पंखावरच्या आपत्कालीन दाराजवळच्या ओळीत पाय सुखावतात, डोळे नाहीत.

खरी फसगत पुढेच आहे. खिडक्या विमानाच्या सांगाड्याप्रमाणे साधारण 50 ते 53 सेंटिमीटरवर असतात. सीटमधलं अंतर ठरवते विमान कंपनी, बहुधा 71 ते 79 सेंटिमीटर. मग जुळणार कसं? कुणाच्या वाट्याला दीड खिडकी, कुणाला मान मागे वळवून बघावं लागतं. 737 मध्ये तर डावीकडे, पंखाच्या थोडं पुढे, एसीची नळी भिंतीतून वर जाते. तिथे खिडकीच नसते. सीट निवडताना दिसणारा नकाशा हे सांगत नाही. त्या कंपनीच्या त्याच मॉडेलमधले, त्याच ओळीचे फोटो शोधा.

उतरतानाची शेवटची पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात देखणी, पण तिथे बाजू वाऱ्याच्या हातात. विमान वाऱ्याला सामोरं उतरतं, वारा फिरला की धावपट्टीची दिशाही फिरते. फ्लाइटरडार24 या विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या साइटवर त्याच फ्लाइटचे मागच्या चार-पाच दिवसांचे मार्ग बघून घ्या. डावीकडे वळताना डावा पंख खाली जातो, तेव्हा उजवीकडच्यांना नुसतं आकाश.

फोटो काढताना फोन काचेच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. थरथर फोटोत उतरते. आतला उजेड गडद जाकिटाने अडवा. मधल्या काचेला खाली बारीक भोक असतं, बर्फाची नक्षी त्याच्याभोवतीच धरते, म्हणून वरच्या भागातून टिपा. कॅमेऱ्याला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा, नाहीतर खिडकीच्या ॲक्रिलिकमुळे आकाशभर इंद्रधनुषी पट्टे येतात.