तिने रेडिओवर विश्वास ठेवला, यात हसण्यासारखे काय होते?

आज सकाळी गाडी चालवत असताना मी रेडिओ मध्येच बंद केला आणि उरलेला सगळा रस्ता शांततेत पार केला. एरवी सकाळचा तो कार्यक्रम मी सहसा चुकवत नाही. त्यातले दोघे निवेदक आदल्या दिवसाच्या बातम्यांची यथेच्छ खिल्ली उडवतात, पुढाऱ्यांच्या भाषणातले अडखळलेले वाक्य पुन्हा पुन्हा वाजवतात, घोरण्यावरून होणाऱ्या भांडणांपासून हरवलेल्या मोज्यांपर्यंत कशावरही बोलतात आणि अधूनमधून एखादे कटकारस्थान रंगवून सांगतात. आज त्यांनी एका बाईंचा फोन घेतला. आवाजावरून त्या साठीच्या पुढच्या असाव्यात. त्यांनी अतिशय सरळपणे विचारले, "तुम्ही परवा सांगितलंत की माणूस चंद्रावर गेलाच नाही, ते सगळं स्टुडिओत चित्रित केलं. माझा नातू म्हणतो, असं काही नाही. आमचा वाद झालाय. नक्की खरं काय ते सांगाल का?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग निवेदक म्हणाला, "काकू, तुम्ही खरंच विश्वास ठेवलात?" आणि त्यांनी तो ध्वनिमुद्रित हशा वाजवला, एकदा नव्हे, तीनदा. त्या हशाखालून बाईंचा आवाज येत होता, "नाही, म्हणजे, तुम्ही म्हणालात म्हणून..." वाक्य पूर्ण होण्याआधीच फोन कापला गेला आणि जाहिरात सुरू झाली.

जवळजवळ हेच शब्द मी दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या तोंडून ऐकले आहेत. ती तेव्हा पक्षाघाताचा झटका येऊन रुग्णालयाच्या खाटेवर होती, तिचे तोंड एका बाजूला किंचित ओढले गेले होते आणि बोलताना शब्द जड येत होते. रक्तदाबाची गोळी तू का बंद केलीस, असे मी विचारले, तेव्हा ती अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "ते रेडिओवर म्हणाले म्हणून."

आज वाजला तसाच हशा त्या दिवशीही वाजला असणार. विनोद असा होता की रक्तदाबाची गोळी एकदा सुरू झाली की ती जन्मभर सुटत नाही, कारण तुम्ही बरे झालात तर कंपनी आजारी पडेल. वाक्य चटपटीत आहे, हे मलाही कळते. आईने ते ऐकले, ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी घेणे थांबवले. तिला काहीही जाणवले नाही, कारण उच्च रक्तदाब बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही, आणि काही होत नाही म्हटल्यावर रेडिओवरचे म्हणणे खरेच निघाले असे तिला वाटले. मी विचारू नये म्हणून ती रोज एक गोळी पाकिटातून काढून चष्म्याच्या जुन्या डबीत टाकत असे. नंतर मी त्या मोजल्या. त्रेचाळीस होत्या.

या मजकुराखाली कोणी तरी लिहीलच, की रेडिओ ऐकून औषध बंद करणाऱ्याची चूक आहे, विनोद करणाऱ्याची नाही. माझी आई मूर्ख नाही. तिने आयुष्यभर हिशेबाचे काम केले आणि एका पैशाचीही चूक केली नाही. बाबा गेल्यानंतर ती एकटी राहते, आणि त्या रिकाम्या घरात रोज ठरलेल्या वेळी बोलायला येणारी माणसे म्हणजे हे दोघे निवेदक होते. बाबा गेल्यावर चार महिन्यांनी ती पहिल्यांदा खळखळून हसली, ती यांच्याच कुठल्याशा बडबडीवर. मी बाहेरच्या खोलीत होते आणि ते हसणे ऐकून मला रडू आले होते. ज्याने आपल्याला दुःखातून उठवून बसवले, त्याच्या शब्दाला माणूस किंमत देतो, आणि या दोघांची सगळी कमाई अशा विश्वासावरच उभी आहे. जाहिरातीत ते सांगतात त्या वस्तू लोकांनी विश्वासाने विकत घ्याव्यात, असे त्यांनाही वाटतेच ना? मग जाहिरातीच्या आधीच्या वाक्यावर विश्वास ठेवणारी बाई हास्यास्पद कशी ठरते?

आणि उत्तर देणे इतके अवघड होते का? १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सहा अपोलो मोहिमा चंद्रावर उतरल्या, बारा माणसे तिथे चालली आणि त्यांनी ३८० किलोंहून अधिक दगडमाती पृथ्वीवर आणली. तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर आजही पृथ्वीवरून लेसरचे किरण सोडले जातात आणि ते सुमारे अडीच सेकंदांत परत येतात. हवा नसताना झेंडा ताठ कसा, हा यांचा परवाचा मोठा मुद्दा होता. त्या झेंड्याच्या वरच्या कडेतून एक आडवी दांडी घातलेली होती, म्हणून तो ताठ होता. हे सगळे सांगायला अर्धे मिनिट लागले असते. ते अर्धे मिनिट त्यांनी त्या बाईंवर हसण्यात घालवले. आपल्या नातवासमोर त्या आज कोणत्या चेहऱ्याने बसल्या असतील, हा विचार सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

रेडिओ कोणी पहिल्या शब्दापासून ऐकत नाही. नळ बंद करता करता, दारावरची घंटा वाजते तेव्हा, मुलाचे डबे भरताना त्यातले अर्धे वाक्य कानावर येते. "आता आम्ही गंमत करणार आहोत" हे सांगितले तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत असता, आणि परत येता तेव्हा फक्त गंमत उरलेली असते, तीही बातमीच्या स्वरात. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स या नाट्यदिग्दर्शकाने मंगळावरच्या जीवांच्या हल्ल्याचे नभोनाट्य बातमीपत्राच्या रूपात सादर केले, तेव्हा ते नाटक आहे हे सुरुवातीलाच सांगितले होते. तरीही मधूनच ऐकू लागलेल्या काही श्रोत्यांना ते खरे वाटले. किती लोक घाबरले, हे वृत्तपत्रांनी पुढे फुगवून सांगितले, तो भाग वेगळा. पण मधून ऐकणाऱ्याला काय ऐकू येते, हा धडा इतका जुना असताना ते आम्हाला माहीत नव्हते, असे माध्यमात काम करणाऱ्या कोणालाही म्हणता येणार नाही.

बरे, हेही मान्य करते की सगळीच कारस्थाने काल्पनिक नसतात. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, त्यावरचे औषध पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांपासून जाणूनबुजून दूर ठेवले गेले, आणि ते सरकारी आरोग्य खात्यानेच केले. पण ते उघडकीस आले ते आतल्या एका माणसाने वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि शेवटी एका पत्रकार बाईंनी ती बातमी दिली म्हणून. सकाळी "काय सांगता येतं, असेलही बुवा" असे म्हणून पुढचे गाणे लावल्याने कोणाचेही पाप उघडे पडलेले नाही.

आणि या "असेलही बुवा"चा शेवट कुठे होऊ शकतो, हे आपण पाहिले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक येथील शाळेत वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. अ‍ॅलेक्स जोन्स नावाचा निवेदक आपल्या कार्यक्रमातून वर्षानुवर्षे सांगत राहिला की तो सगळा बनाव आहे. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी मेलेल्या मुलांच्या आईवडिलांना धमक्या दिल्या, त्यांना नटनट्या म्हटले. पुढे जोन्सच्या स्वतःच्या मुलांच्या ताब्याच्या खटल्यात त्याच्या वकिलाने न्यायालयात सांगितले की तो कार्यक्रमात एक पात्र रंगवतो, तो सादरीकरण करणारा कलावंत आहे. २०२२ मध्ये, सँडी हूकच्या कुटुंबांनी केलेल्या बदनामीच्या वेगळ्या खटल्यात, कनेटिकट राज्यातल्या ज्यूरीने त्याला ९६ कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. ऐकणारा ऐकतो तोवर हे निवेदक असतात आणि जबाब विचारला की कलावंत होतात. आमचे सकाळचे दोघे त्या माणसाच्या जवळपासही जाणारे नाहीत, हे मला माहीत आहे आणि तसे सुचवणे अन्यायाचे होईल. पण "काकू, तुम्ही खरंच विश्वास ठेवलात?" या वाक्यात तीच पळवाट आहे, आणि म्हणूनच आज मला इतका संताप आला.

लिहिता लिहिता तो थोडा निवला आहे. हा कार्यक्रम बंद व्हावा, असे मला अजिबात वाटत नाही. सत्तेवर बसलेल्यांची सकाळी सकाळी टोपी उडवणारे कोणी तरी असलेच पाहिजे. ते मिंधे झाले तर मला अधिक दुःख होईल. ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याच्यावर खुशाल हसा. फोन करून प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे कोणताच अधिकार नसतो.

आईला तो झटका सकाळी आला. ती रेडिओचे बटण फिरवायला गेली आणि उजव्या हाताची बोटे फिरेनात. मी नेमकी त्या दिवशी लवकर पोहोचले होते. दार उघडले तेव्हा दोन केंद्रांच्या मधली ती एकसुरी खरखर घरभर भरली होती आणि आई हात बटणावर ठेवून तशीच उभी होती. नंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तेच बटण तिच्या बोटांच्या व्यायामासाठी निवडले. रोज दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे. आता तिला केंद्र अचूक लावता येते आणि ती अजूनही ह्याच दोघांना ऐकते. गोळी मात्र ती त्यांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी, माझ्याशी फोनवर बोलत असताना घेते.

आजच्या त्या बाईंचा नंबर स्टुडिओत नोंदलेला असणारच. उद्या सकाळी त्या दोघांनी त्यांना स्वतःहून फोन लावावा, नातवालाही जवळ बोलवायला सांगावे आणि चंद्राच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, हशा न वाजवता. मी ऐकणार आहे. आईकडेही रेडिओ त्या वेळी लागलेला असेल.