क्रॉल करून गेलेत, कळवतो म्हणालेत

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कुठं आणि किती दिसते हे मालकाला दाखवणारं साधन, फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्या तापाचं मूळ तिथंच आहे. पैसे मोजावे लागले असते, तर माणसानं ते महिन्यातून एकदा, हिशेबाला बसल्यासारखं उघडलं असतं. फुकट असल्यामुळे आम्ही ते दात घासताना उघडतो. आलेख वर गेला की चहात साखर जास्त, खाली आला की घरातल्यांशी बोलणं कमी. खरं तर त्या आलेखात काल काय झालं हे धड कळतही नाही, कारण त्यातले पक्के आकडे दोन-तीन दिवस मागे असतात. म्हणजे आज आपण ज्याच्यामुळे चिडलो, ते परवाच होऊन गेलेलं असतं.

हे साधन २००५ साली गूगल साइटमॅप्स या नावानं आलं, २००६ मध्ये त्याचं वेबमास्टर टूल्स झालं आणि २०१५ मध्ये सर्च कन्सोल. जुनी मंडळी अजून ‘वेबमास्टरला टाकलंस का?’ असंच विचारतात. बोलण्यापुरती मराठी पाककृतींची एक साइट घेऊ, कारण सणावारामुळे सर्च कन्सोलची जेवढी फजिती होते, तेवढी दुसऱ्या कशानं होत नाही.

सुरुवात मालकी सिद्ध करण्यापासून. दोन रस्ते असतात: डोमेन प्रॉपर्टी (सगळं डोमेन एकत्र) आणि यूआरएल प्रीफिक्स (एकच ठरावीक पत्ता). दुसरा सोपा दिसतो. एक मेटा टॅग (कोडची एक ओळ) साइटच्या हेड भागात चिकटवायचा की झालं. पण एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, असे एकाच साइटचे चार पत्ते होतात आणि हे साधन त्यांना चार वेगळी बिऱ्हाडं समजतं. तुम्ही रिकाम्या बिऱ्हाडाचा आलेख बघत महिनाभर सुतकात बसू शकता. शिवाय पुढच्या दिवाळीत थीम बदलली की मेटा टॅग गेला आणि मालकीही गेली. म्हणून डोमेन प्रॉपर्टीच घ्यावी.

तिच्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. होस्ट नावाच्या रकान्यात माणूस भक्तिभावानं पूर्ण डोमेन लिहितो. बरेच रजिस्ट्रार (डोमेन विकणारे) त्यापुढे डोमेन आपणहून जोडतात, त्यामुळे रेकॉर्ड ‘साइट डॉट कॉम डॉट साइट डॉट कॉम’ अशा अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर जाऊन बसतो. तिथं फक्त ॲटचं चिन्ह टाकायचं असतं. दुसरी गंमत नेमसर्व्हरची, म्हणजे ही नोंदवही जिथं ठेवलेली असते त्या यंत्राची. डोमेन एकीकडून घेतलेलं, नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याकडे वळवलेले, आणि रेकॉर्ड टाकला डोमेनवाल्याकडे. तो तिथं वर्षभर राहिला तरी कुणी वाचणार नाही. जिथं नेमसर्व्हर, तिथंच रेकॉर्ड. सगळं बरोबर असलं तरी कधी पाच मिनिटं लागतात, कधी दोन-तीन दिवस. तेवढ्यात ‘व्हेरिफाय’ पुन्हा पुन्हा दाबून काही लवकर होत नाही. आणि हिरवी खूण आली की आवराआवरीच्या उत्साहात तो रेकॉर्ड पुसू नका. गूगल अधूनमधून परत तपासतं.

मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी. साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर ५.५ या आवृत्तीपासून तो आपोआप बनवतं, एसईओचं (शोधात वर येण्याच्या खटपटीचं) प्लगइन असेल तर ते स्वतःचा बनवतं. त्यातल्या एकाचाच पत्ता द्यायचा. ‘सक्सेस’ असा हिरवा शब्द आला की लोक पेढे वाटायला निघतात. त्याचा अर्थ एवढाच, की यादी वाचता आली. यादीतली पानं घेतली, असं कुणीही म्हटलेलं नाही.

पानं घेतली की नाही, हे ‘पेजेस’ या अहवालात कळतं. क्रॉल म्हणजे गूगलच्या यंत्रानं येऊन पान वाचणं, इंडेक्स म्हणजे ते शोधाच्या यादीत घेणं. मराठी माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही, कारण हा सगळा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्रिका मिळाली, बघू सवडीनं. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे मंडळी येऊन गेली, पोहे खाल्ले, घर पाहिलं, ‘कळवतो’ म्हणाली. पहिल्या प्रकारात निदान आशा असते. दुसऱ्यात मुलगी पाहूनच नकार आहे, फक्त तोंडावर सांगितलेला नाही. कारण विचारायची सोय नाही. ‘डुप्लिकेट, गूगल चोज डिफरंट कॅनॉनिकल’ म्हणजे एकसारख्या पानांतलं मुख्य कोणतं यावर मतभेद: तुम्ही थोरलीला दाखवलंत, त्यांना धाकटी पसंत पडली.

आता इथं घाबरण्याआधी एक करायचं: त्या कारणावर टिचकी मारून खालची यादी खरोखर वाचायची. ‘क्रॉल्ड’च्या यादीत बहुतेक वेळा शेवटी ‘फीड’ असलेले पत्ते निघतात. ते प्रत्येक लेखामागे वर्डप्रेसनं आपणहून काढलेले असतात आणि ते इंडेक्स न होणं हेच बरोबर. ‘पेज विथ रीडायरेक्ट’ म्हणजे जुना पत्ता नव्याकडे पाठवतो, उत्तम. आपणच काढून टाकलेल्या पानावर ४०४ (‘पान सापडलं नाही’) आला, तोही उत्तम. ‘तुमच्या साइटवर नव्या कारणामुळे पानं इंडेक्स होत नाहीत’ अशी धडकी भरवणारी मेल येते, त्यात अनेकदा यातलंच काहीतरी असतं. मेलचा सूर मात्र असा, की कुणीतरी अत्यवस्थ आहे.

खऱ्या काळजीचे प्रकार दोन. एक, ‘एक्स्क्लूडेड बाय नोइंडेक्स’मध्ये (‘हे पान इंडेक्स करू नका’ या सूचनेमुळे वगळलेल्यांत) आपली चांगली चांगली पानं दिसणं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग या पानावर ‘सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये’ अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बनत असताना ती टिक करतात आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायला विसरतात. दुसरा, रोबोट्स फाइलचा, म्हणजे कुठं येऊ नये हे गूगलच्या यंत्राला सांगणाऱ्या फाइलचा. पान शोधात दिसू नये म्हणून माणूस दुहेरी बंदोबस्त करतो: पानावर नोइंडेक्स लावतो आणि रोबोट्समध्ये त्याची वाटही अडवतो. पण वाट अडवली तर गूगलला आत येऊन नोइंडेक्सची पाटी वाचताच येत नाही. बाहेरून कुणी त्या पानाची लिंक दिलेली असली, की ते मजकुराशिवाय, नुसत्या पत्त्यासकट शोधात येऊ शकतं आणि अहवालात ‘इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स’ झळकतं. दोन कुलपं लावली म्हणून दार उघडं राहिलं, असा हा एकमेव प्रकार मला माहीत आहे.

एखाद्या पानाची चौकशी करायची तर वरच्या पट्टीत त्याचा पूर्ण पत्ता टाकायचा. येणारं उत्तर गूगलच्या दप्तरातलं, म्हणजे मागच्या भेटीचं असतं. आत्ताची स्थिती हवी असेल तर ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबावं लागतं. आत्ताच दुरुस्ती केली आणि इथं जुनीच चूक दिसते म्हणून डोकं आपटणारे बहुतेक जण दप्तर वाचत असतात. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ला रोजची मर्यादा आहे, आणि एकाच पानासाठी ते दहादा दाबलं म्हणून नंबर पुढे लागत नाही. तरी लोक दाबतात. लिफ्टचं बटणही दाबतात.

पत्त्यावरून आठवलं. देवनागरीत पत्ता ठेवायची आपल्याला हौस असते, आणि माझा तिला विरोध नाही. पण ब्राउझरमधून तो उचलून दुसरीकडे चिकटवला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, मात्रा आणि वेलांट्यांसकट. ‘पुरणपोळी’ची बहात्तर होतात. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला दोनशे अक्षरांची जागा देतं, म्हणजे मराठीची जेमतेम बावीस चिन्हं. आता ‘तोंडात विरघळणाऱ्या उकडीच्या मोदकांची कृती’ असं रसाळ शीर्षक द्या. पत्ता बनतो ‘तोंडात-विरघळणाऱ्या-उकडीच’. मोदक आलेच नाहीत. प्रकाशित करण्याआधीच पत्ता हातानं आखूड करायचा: ‘उकडीचे-मोदक’, बस. नंतर बदललात तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) आहे ना, हे तपासा.

आता परफॉर्मन्स, ज्याच्यासाठी दात घासायचे राहिले होते. उघडल्यावर क्लिक आणि इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलात) ही दोनच खोकी पेटलेली असतात. सीटीआर (दिसलात त्यातले किती टक्के क्लिक झाले) आणि सरासरी क्रमांक ही उरलेली दोन आपण पेटवायची. आणि सरासरी क्रमांकाचं काय घेऊन बसायचं ते आधी समजून घ्यायचं. समजा, ‘उकडीचे मोदक’ या शोधात तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर शंभर वेळा दिसलात. मग गूगलला तुमचं पान ‘नारळाचे पदार्थ’ यालाही थोडंसं लागू वाटलं आणि तिथं साठाव्या क्रमांकावर तुम्ही आणखी शंभर वेळा दिसलात. सरासरी ३ वरून ३१.५. एकही वाचक गेलेला नाही, उलट नवा दरवाजा किलकिला झालाय, आणि मालक मात्र ‘आपण बुडालो’ म्हणून व्हॉट्सॲपवर. सप्टेंबर २०२५ मध्ये याच्या उलट झालं. एका पानावर शंभर निकाल मागवायची जुनी युक्ती गूगलनं बंद केली. क्रमांक मोजणारी यंत्रं ती वापरून खोलवरचे निकाल उपसत असत. अनेक साइटवर डेस्कटॉपची इम्प्रेशन धाडकन पडली, सरासरी क्रमांक सुधारला आणि क्लिक होते तिथेच राहिले. तेव्हा जे रडले ते इम्प्रेशन बघून रडले, जे नाचले ते क्रमांक बघून नाचले.

कामाचं एक सांगतो. तारीख तीन महिने ठेवा. क्वेरीजच्या (लोकांनी केलेल्या शोधांच्या) तक्त्यावर क्रमांकाची चाळण लावा, २० पेक्षा कमी. मग इम्प्रेशन उतरत्या क्रमानं लावून आठ ते वीसमधल्या ओळी वाचा. लोक शोधतायत, गूगल दाखवतंय, पण पहिल्या पानाच्या तळाशी किंवा दुसऱ्यावर. एका ओळीवर टिचकी मारा आणि ‘पेजेस’ या टॅबवर जा. तिथं तुमचीच दोन-तीन पानं दिसली (‘उकडीचे मोदक’, ‘मोदक फुटू नयेत म्हणून’, ‘मोदकांची उकड कशी काढावी’) तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतायत का, ते बघा. तिघांचं एक जाडजूड पान करून बाकी दोन त्याकडे वळवणं बऱ्याचदा बरं पडतं. एकच पान दिसलं, तर त्याच्या शीर्षकात लोकांनी टाइप केलेला शब्द तरी आहे का? आपण ‘मोदकपुराण’ असं शीर्षक दिलेलं असतं आणि लोक बिचारे मोदक शोधत असतात.

लोक कसं टाइप करतात, हा तर वेगळाच फराळ. अर्धे रोमन लिपीत, उरलेले ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता. एकेक शोध वेगळा बघितला तर प्रत्येक किरकोळ दिसतो. म्हणून क्वेरीची चाळण लावताना ‘कस्टम, रेजेक्स’ (नमुना देऊन शोधायची सोय) निवडा आणि मधे उभ्या रेघा देऊन लिहा: उकडीचे|उकडिचे|ऊकडीचे. तिन्हींची बेरीज एकदम मिळते. शाळेतल्या बाईंना दाखवू नका. बेरीज मात्र तक्त्यातल्या ओळींवरून करू नका. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात आणि तक्ता हजार ओळींवर थांबतो, त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या आकड्यापेक्षा कमीच भरते. कुणी खाल्लेलं नाही.

आणि सण. इथं सर्च कन्सोलला आपलं पंचांग अजिबात कळत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ ची अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. ‘मागच्या वर्षीशी तुलना’ हे तयार बटण ऑगस्टभर दाबत बसलात, तर मोदकांचा महाराष्ट्रातून अस्त झाला, असाच निष्कर्ष निघेल. तारखा हातानं भरा: १३ ते २७ ऑगस्ट २०२५ एका बाजूला, ३१ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२६ दुसऱ्या बाजूला. चतुर्थीला चतुर्थी भिडली पाहिजे.

त्यातही एक मेख आहे. ‘चोवीस तास’ हे दृश्य सोडलं, तर अहवालातला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. त्या मोसमात तिथला दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला उगवतो. चतुर्थीच्या सकाळी सहाला, पारी फाटली म्हणून घाबरून फोनवर शोधणाऱ्या समस्त सुनांचा आणि जावयांचा हिशेब आदल्या दिवसाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून सणाचा एकच दिवस उचलून त्यावर अनुमान काढू नये.

मॅन्युअल ॲक्शन (नियम मोडल्याबद्दल गूगलनं केलेली कारवाई) आणि सिक्युरिटी या दोन पानांवर काहीही नसणं ही चांगली बातमी, तेव्हा ती बघायला विसरू नका. सेटिंग्जमध्ये यूजर्सची यादीही बघा. साइट फोडणारे कधीकधी स्वतःला मालक म्हणून नोंदवून ठेवतात. कोअर वेब व्हायटल्समध्ये (पानाच्या वेगाबिगाच्या अहवालात) छोट्या साइटला बहुधा ‘पुरेसा डेटा नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. त्यावर उपाय म्हणजे वाचक वाढवणे, आणि ते वाढवायलाच तर आपण आलो होतो. बिंगचं वेबमास्टर टूल्सही फुकट आहे. तिथं सर्च कन्सोलमधून सगळं थेट आयात होतं, टीएक्सटीची कसरत पुन्हा नाही. दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

राहिली साठवण. सर्च कन्सोल फक्त सोळा महिने लक्षात ठेवतं. २०२६ च्या चतुर्थीला मागे वळून बघाल, तर २०२५ ची दिसेल, २०२४ ची नाही. म्हणून अनंत चतुर्दशीनंतर तीन दिवस जाऊ द्या, आकडे पक्के होऊ द्या, मग उजवीकडे वर ‘एक्स्पोर्ट’ दाबून शीट उतरवून घ्या. फाइलला नाव देताना इंग्रजी तारीख नको, ‘भाद्रपद’ आणि साल असं द्या. पुढच्या वर्षी ‘ऑगस्ट’ उघडून मोदक शोधत बसावं लागणार नाही.