शिक्षकांना दिलेले पुस्तक मुलांच्या हातात पडावे

शिक्षकांना भेट द्यायची वेळ आली, की पुष्कळ पालक पुस्तकांची चित्रे छापलेला कप, वाचनाविषयीच्या सुविचाराची पाटी किंवा पुस्तकाच्या आकाराचे पेनस्टँड घेऊन येतात. त्यामागची भावना खरीच असते. परंतु अशा वस्तूंनी वर्गातील एकाही मुलाचे वाचन पुढे सरकत नाही, आणि ज्यांचे सारे वर्ष मुलांना वाचते करण्यात जाते, त्यांना त्याच कामात हातभार लावणारी भेट द्यावी, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी आधी शिक्षकांना विचारावे. वाचनाचे अभ्यासक फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडले, की वाचलेले समजणे हा अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज या दोहोंचा गुणाकार असतो. म्हणजेच त्यांपैकी एक शून्य असेल, तर दुसरी कितीही असली तरी हाती काही लागत नाही. वर्गातील मुले अजून अक्षरे जुळवत असतील, तर त्यांना सोप्या शब्दांची, मोठ्या टाइपातली, चार-दोन ओळींची पाने असलेली पातळ पुस्तके हवीत. मुले भराभर वाचतात पण अर्थ लागत नाही, अशी अडचण असेल, तर शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावीत आणि ज्यांवर गप्पा व्हाव्यात अशी कसदार गोष्टींची पुस्तके हवीत. यांतले काय हवे, हे दुकानात उभे राहून कळत नाही.

न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डअवे यांनी पुढे आणलेली भल्यामोठ्या आकाराची सहवाचनाची पुस्तके लहान वर्गांसाठी मला विशेष आवडतात. शेवटच्या रांगेतल्या मुलालाही अक्षरे दिसतात, शिक्षक शब्दाखालून बोट फिरवत वाचतात, आणि तीच ओळ तिसऱ्यांदा आली की सगळा वर्ग ती त्यांच्या आधीच म्हणू लागतो. अशी पुस्तके महाग असतात. चार पालकांनी मिळून एक घेतले तरी उत्तम.

एरवी माझे झुकते माप एकाच पातळ पुस्तकाच्या पाच-सहा प्रतींना असते. पाच वेगवेगळी पुस्तके दिसायला छान दिसतात हे खरे, पण एकच पुस्तक गटातल्या प्रत्येकाच्या हातात असेल, तरच एकाने वाचताना बाकीच्यांची नजर ओळीवरून फिरते, आणि अडलेला शब्द शेजारचे मूल सांगते.

भेट दिलेले पुस्तक कपाटात कुलूपबंद होण्याचे कारण पुष्कळदा शिक्षकांचा निरुत्साह नसून धास्ती असते. पुस्तक फाटले किंवा हरवले, तर देणाऱ्याला काय वाटेल, ही ती धास्ती. म्हणून पहिल्या पानावर आदरपूर्वक नाव घालताना त्याखाली स्वच्छ अक्षरांत लिहावे: ‘हे पुस्तक मुलांनी हाताळावे, घरी न्यावे; फाटले तरी चालेल.’ त्या एका ओळीने शिक्षकांच्या मनावरचे ओझे उतरते.

पुस्तके पुरेशी असतील, तर मुखपृष्ठे समोर दिसतील असा मांडणीचा स्टँड द्यावा, कारण नुसते कणे पाहून लहान मुलांना पुस्तक निवडता येत नाही. पारदर्शक कव्हर, चिकटपट्टी आणि देवघेवीची वही हेही चालेल. आणि एखादे पुस्तक केवळ शिक्षकांच्या स्वतःच्या आवडीचे असावे, कारण वाचनात रमलेले शिक्षक मुलांच्या नजरेला पडले पाहिजेत.

भेट बहुधा वर्ष संपताना दिली जाते. माझ्या मते ती वर्षाच्या सुरुवातीला द्यावी, म्हणजे ज्या मुलांसाठी ती घेतली, त्याच मुलांना ती वर्षभर वापरता येईल. त्या वेळी एकदम मोठा खर्च झेपत नसेल, तर मुलांच्या एखाद्या मासिकाची वर्गणी शिक्षकांच्या नावे भरावी. दर महिन्याला वर्गात नवा अंक येत राहील.