चोर तेवढा गावातला, संग्रहालय मात्र बिचारं?

परवा मामांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, 'तुझ्याच विषयाचं आहे. वाच आणि सांग, इतकी वर्षं विद्यापीठात नक्की काय करतेस.' विषय माझाच आहे. पुराणवस्तूंची तस्करी आणि फौजदारी कायदा. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर शाळेतल्या मैत्रिणीकडून आला, तिसऱ्या दिवशी आणखी कुणाकडून. तेव्हा एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवता येईल.

मजकुरात पाच दावे आहेत. पुराणवस्तूंची तस्करी हा अमली पदार्थ आणि शस्त्रांखालोखाल जगातला तिसरा मोठा काळा धंदा आहे. चोऱ्या गावातले भुरटे करतात, परदेशी संग्रहालयं आणि लिलावघरं बिचारी फसतात. १९७० पूर्वी देशाबाहेर गेलेलं सगळं कायदेशीर आहे. तिकडे गेल्या म्हणून मूर्ती टिकल्या. आणि शेवटचा टोला: मूर्ती पोलीस परत आणतात, विद्यापीठं नुसते कागद काळे करतात.

पहिला दावा खरा असता तर सर्वांत जास्त आनंद मलाच झाला असता. संशोधनासाठी पैसे मागायला यासारखं वाक्य नाही. पण त्याला बूड नाही. डोना येट्स आणि नील ब्रॉडी या तस्करीच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये 'अँटिक्विटी' या पुरातत्त्वाच्या नियतकालिकात नेमका याच वाक्याचा माग काढला. एकाने दुसऱ्याचा हवाला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तळाशी मोजणी केलेलं कोणतंही मूळ संशोधन नाही, असं त्यांना आढळलं. युनेस्कोसारखी संस्थाही असल्या घाईत तोंडघशी पडली आहे. २०२० च्या त्यांच्या जाहिरात मोहिमेत सीरियातल्या पाल्मिराच्या संग्रहालयातून अलीकडे लुटलेला म्हणून एक अर्धपुतळा दाखवला होता. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९०१ पासून आहे असं निघालं, आणि जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. लूट होते हे सांगायला खोटा आकडा लागत नाही.

आता दुसरा दावा. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसले, कारण यात गुन्हेगार बदलून टाकला आहे.

कंबोडियात कोह केर इथे प्रासात चेन नावाचं दहाव्या शतकातलं देऊळ आहे. तिथे भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध आणि ते पाहणारे बलराम आणि पांडव, असा माणसाच्या उंचीच्या दगडी मूर्तींचा अख्खा प्रसंग उभा होता. गोष्टीतल्या भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली. विसाव्या शतकातल्या चोरांनी त्याला घोट्यापासून तोडला. पावलं चौथऱ्यावरच राहिली आणि बाकीचा दुर्योधन मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलावघराच्या लिलावात आला, अंदाजे किंमत वीस ते तीस लाख डॉलर. कंबोडियाने हरकत घेतल्यावर मूर्ती लिलावातून काढली, पण प्रकरण कोर्टात गेलं. तिथे दाखल झालेल्या कागदांत असं दिसलं की ज्या विदुषीचा सल्ला लिलावघराने घेतला होता, तिने ही मूर्ती प्रासात चेनमधूनच चोरलेली आहे हे ईमेलने आधीच कळवलं होतं. आता सांगा, फसलं कोण? २०१३ अखेर तडजोड झाली, चूक कबूल न करता. दुर्योधन २०१४ मध्ये घरी गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयातून भीमही परतला.

पण हे एक प्रकरण झालं. माझा भर आहे तो ग्लासगो विद्यापीठाच्या सायमन मॅकेन्झी आणि टेस डेव्हिस यांच्या अभ्यासावर. तो २०१४ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ क्रिमिनॉलॉजी'त आला. या दोघांनी कंबोडियात जाऊन प्रत्यक्ष मूर्ती तोडणाऱ्या, वाहून नेणाऱ्या आणि दलाली करणाऱ्या माणसांशी बोलून साखळी जोडली. देवळापासून आंतरराष्ट्रीय बाजारापर्यंत हात मोजकेच होते आणि तीच साखळी वर्षानुवर्षं, यादवी युद्धाच्या काळातही, चालू होती. भुरट्यांचा यात वाटा होताच, पण तो सगळ्यात खालचा आणि सगळ्यात स्वस्त. साखळीचा सांधा होता बँकॉकमधला एक व्यापारी. अभ्यासकांनी त्याला रोमन देव जेनसचं नाव दिलं, दोन तोंडांचा देव. एक तोंड तस्करांकडे, दुसरं संग्रहालयांकडे. चोरीचा माल या एका माणसाच्या हातातून गेला की 'कलावस्तू' होतो. त्याच्या पुढे कोणी प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न विचारणं कोणाच्याच फायद्याचं नसतं.

बँकॉकमध्ये राहून ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियन, शिल्पांचा मोठा जाणकार आणि संग्राहक म्हणून मिरवणाऱ्या डग्लस लॅचफर्डवर २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मूर्तींच्या तस्करीबद्दल आरोपपत्र दाखल झालं. खटला उभा राहण्याआधीच २०२० मध्ये तो वारला. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्याशी जोडलेली चौदा शिल्पं कंबोडियाला परत करत असल्याचं जाहीर केलं. भुरटे एवढे पोहोचलेले असतात?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज घ्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो २००८ मध्ये सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून सुमारे पन्नास लाख डॉलरला घेतला. सोबत कागद होते: सुदानच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या पत्नीकडे ही मूर्ती १९७० च्या आसपासपासून होती म्हणे. मूर्ती देवळातून चोरीला गेली होती २००६ मध्ये. कागद बनावट होते. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने नटराज परत केला आणि कपूरला मूर्तिचोरीच्या दुसऱ्या एका खटल्यात २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, नाइलाजाने. संग्रहालयाचा अधिकारी यासाठी तुरुंगात गेला, असं उदाहरण शोधायला बसलं तर दमछाक होते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, अप्रामाणिकपणे तो घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. पूर्वीचं भादंवि ४११, आता भारतीय न्याय संहितेचं ३१७. पण 'माहीत होतं' हे सिद्ध करणार कसं? अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाच्या तेव्हाच्या क्युरेटर मॅरियन ट्रू यांच्यावर रोममध्ये २००५ मध्ये खटला सुरू झाला आणि २०१० मध्ये खटल्याची कायदेशीर मुदत संपल्याने गुंडाळला गेला, निकालाविना. मजकूर लिहिणाऱ्याने ही पळवाट पाहिली आणि तिलाच निर्दोषपणा म्हणून टाकलं.

१९७० चं प्रकरण थोडक्यात. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा त्या वर्षीचा युनेस्कोचा करार मागच्या तारखेने लागू होत नाही, इतकं खरं. संग्रहालयं खरेदी करताना ती तारीख पाळतात हेही खरं. पण चोरी ही चोरीच, करार असो वा नसो. शिवाय भारतातून पुराणवस्तू बाहेर नेण्यावर १९४७ च्या निर्यात नियंत्रण कायद्यापासूनच परवान्याची अट होती, १९७२ चा पुराणवस्तू कायदा त्यानंतर आला. आणि आता त्या नटराजाचे बनावट कागद परत बघा. सुदानी बाईंची गोष्ट नेमकी १९७२ च्या आधीच का सुरू होते? तारखेचं महत्त्व आपल्या ग्रुपपेक्षा तस्करांना जास्त चांगलं कळतं.

'तिकडे गेल्या म्हणून टिकल्या' यावर फार शाई घालवत नाही. काही टिकल्या, हो. पण ब्रिटिश म्युझियमने ऑगस्ट २०२३ मध्ये चोऱ्या उघड केल्या आणि नंतर जवळपास दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या निघाल्या. संचालकांनी राजीनामा दिला. आणि दुर्योधनाच्या पावलांना विचारा, तो कसा टिकला ते. मूर्ती टिकली तरी ती कुठे उभी होती, शेजारी कोण होतं, जमिनीच्या कुठल्या थरात काय सापडलं, हे एकदा गेलं की गेलं. कोह केरला निदान चौथरे उरले होते म्हणून प्रसंग जुळला.

राहिला शेवटचा टोला. मामा, हा मला लागला, खोटं कशाला बोलू. मूर्ती पोलीस आणतात, बरोबर. पण अमुक मूर्ती अमुक देवळातलीच, हे कोर्टात दाखवायला काय लागतं? श्रीपुरंतनच्या बाबतीत जुने फोटो लागले, आणि ते पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्ये होते. ही संस्था १९५५ ची. तिथले अभ्यासक गेली कित्येक दशकं तमिळनाडूच्या देवळांत फिरून, आडगावातल्या बंद गाभाऱ्यांतसुद्धा, मूर्तींचे फोटो काढून ठेवत आले. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासासाठी, चोर पकडण्यासाठी नव्हे. इतक्या मूर्तींचे फोटो काढून करणार काय, हे तेव्हाही कुणीतरी घरी विचारलंच असेल.