तबकडीमागे तीन तास

लेकीकडे अमेरिकेला जाताना लोणचं आणि भाजणी यांबद्दल कस्टमवाल्यांना काय सांगायचं, ते मी पाठ करून गेलो होतो. तिथे आपल्याला खेळाडूची पारख करायला बसवतील, याची मात्र काहीच तयारी नव्हती.

लेक कॉलेजच्या अल्टिमेट फ्रिस्बी संघात आहे. हे तिने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "म्हणजे ती कुत्र्याला फेकतात ती तबकडी?" त्यानंतर आठवडाभर तिचा फोन फक्त आईच्या नंबरवर येत होता. त्यामुळे या वेळी तिने "बाबा, एक काम आहे" म्हटल्यावर मी काम न विचारताच हो म्हटलं.

काम असं होतं. त्या खेळात कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला कॅलहन नावाचा पुरस्कार मिळतो, १९९६ पासून. प्रत्येक संघ आपली एक खेळाडू उभी करतो आणि मतं कॉलेजचे खेळाडूच देतात. पण स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत द्यायचं नाही! हा नियम आपल्याकडे आणला तर कित्येकांची अनामत जप्त होईल. आता मत देणाऱ्या बऱ्याच जणींनी उमेदवाराला खेळताना पाहिलेलंच नसतं, म्हणून तिचा व्हिडिओ काढायचा. थोडक्यात बायोडाटा, फक्त 'गृहकृत्यदक्ष'च्या जागी हवेत आडवं झेपावणं दाखवायचं. यांच्या संघाने कॅप्टनला उभं केलं होतं आणि व्हिडिओचं खातं लेकीकडे होतं.

"मुंजीचं शूटिंग तुम्हीच करायचात ना?" ती म्हणाली.

मुंजीत बटू एका जागी बसतो, हे आम्ही दोघंही विसरलो.

मैदान ११० यार्ड लांब, ४० यार्ड रुंद. एका बाजूला सात मुली, दुसऱ्या बाजूला सात. पाठीवरचे नंबर पोनीटेलखाली. वारा असा की आमच्या हिने पहिल्या दहा मिनिटांतच स्वतःची शाल माझ्या डोक्याला गुंडाळली. सात नंबरवर कॅमेरा धरून मी वीस मिनिटं एकाग्रतेने शूटिंग केलं. मग लेक धापा टाकत आली. "बाबा, ती सतरा आहे. आणि तिचा पाय मुरगळलाय म्हणून ती नुसती उभी आहे."

मला ते धोरण वाटलं होतं.

खरी कॅप्टन सापडल्यावरही फारसा फरक पडला नाही. पन्नास वर्षं क्रिकेट पाहिलेला डोळा चेंडूमागेच जाणार. तबकडी हवेत गेली की माझा कॅमेराही आभाळात. लेक म्हणे, डिस्क बघू नका, तिला बघा. जिच्या हातात डिस्क, तिला पळायलाच बंदी. तिच्यासमोर उभी राहिलेली प्रतिस्पर्धी मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजते, त्याच्या आत फेकायची. (आपल्या कबड्डीत तोंड चालवायचं काम चढाई करणाऱ्याचं, इथे अडवणाऱ्याचं.) चांगली खेळाडू कधीकधी डिस्क घ्यायला पळतच नाही. ती आपल्या मागे एकीला ओढून नेते आणि दुसरीसाठी जागा मोकळी करते. आता मोकळ्या जागेचं शूटिंग कसं करतात? मी केलं. चार मिनिटं गवत आहे.

लेआउट, म्हणजे डिस्कसाठी ते हवेत आडवं झेपावणं, मात्र मला लगेच कळला. खो-खो खेळलेल्या माणसाला तो सूरच. कॅप्टन अशी काही सूर मारायची की माझे गुडघे बाकावर बसल्या बसल्या दुखायचे. पण प्रत्येक वेळी मी "वा!" म्हणून उठायचो आणि कॅमेऱ्यात माझे बूट यायचे.

या सामन्याला पंच नव्हता. फाऊल झाला तर मुलींनीच पुकारायचा, आपसात बोलून निकाल लावायचा. गल्लीत पंच नसला तर ज्याची बॅट तो निकाल देतो; इथे बॅटही नव्हती. मी भांडणाची वाट पाहत कॅमेरा सज्ज ठेवला. भांडण झालंच नाही. उलट सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहिले आणि समोरच्यांचं कौतुक करू लागले. म्हणे खिलाडूवृत्तीलाही गुण असतात: पाच बाबी, प्रत्येकीला शून्य ते चार. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला असे गुण द्यायचे तर खाली उणे आकडे छापून घ्यावे लागतील. तेवढ्यात आमची ही चकल्यांचा डबा घेऊन त्या गोलात शिरली. त्याचंही शूटिंग आहे.

रात्री लेकीने तीन तासांचं सगळं पाहिलं. आभाळ, गवत, बूट, सतरा नंबर, चकल्या. मी चहा करायला उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा." गुणरेषेपाशी कॅप्टनने सूर मारला होता. डिस्क हातात, अंगाखाली. समोरच्या मुलीला काहीच दिसलेलं नव्हतं. कॅप्टन उठली, मान हलवली, डिस्क जमिनीला लागली होती म्हणाली (म्हणजे झेल बाद, डिस्क समोरच्यांची), आणि ती तिथेच ठेवून बचावाला पळाली. माझा कॅमेरा त्या एकाच वेळी, कसा कोण जाणे, जागेवर होता.

अकरा सेकंद. तीन तासांतलं तेवढंच लेकीने घेतलं. आवाज मात्र तिला काढून टाकावा लागला, कारण त्या अकराही सेकंदांत मागून कोणीतरी मराठीत ओरडतंय, "अगं, गप्प बस! कोणी पाहिलं नाहीये!"