शनिवारची संक्रांत: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

जर्मनीत सहा वर्षं आम्ही संक्रांत कशी केली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. चाळीस वर्षं तुम्ही सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, काठ्यांमागे, म्हणजे सजवलेल्या उंच नंदीध्वजांमागे, चालताय. हॉल भाड्याने घेऊन शनिवारी उरकलेली संक्रांत तुम्हाला फोटोपुरतं नाटक वाटते. सण आपल्या मातीतच होतो, गाव सोडून गेलेल्यांनी त्याच्या गप्पा मारू नयेत, असं तुम्ही लिहिलंत. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यातली एक गोष्ट मला लागली आणि ती खरी आहे.

मुलांनी बांबूला फुलं बांधून हॉलभर फिरवलं, त्याला मी ‘नंदीध्वज’ लिहिलं. लिहायला नको होतं. सातही नंदीध्वज आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, योगदंडाची खूण आहेत, त्यांचे मानकरी ठरलेले आहेत, आणि ते पेलायला पोरं कितीतरी दिवस आधीपासून घाम गाळतात. लेखातला शब्द मी बदललाय. चूक दाखवलीत, बरं केलंत.

बाकीचं मात्र मला पटत नाही.

शनिवारी होतं ते हळदीकुंकू. ते संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, आणि इथे सोलापुरातही नोकरी करणाऱ्या बायका रविवार बघूनच बोलावतात. यात्रेत योगदंडाचं लग्न लागतं, त्याच्या अक्षता मात्र आम्ही सोहळ्याच्या दिवशीच टाकायचो. सोलापुरात दुपारचा एक म्हणजे जर्मनीत सकाळचे साडेआठ. बाहेर बर्फ, कामावर जायची घाई, ओट्यावर लॅपटॉप उघडा, आणि फोनवर आई, ‘टाक गं, टाक, सुरू झालं.’ सोहळ्याच्या जागेवरून, सम्मती कट्ट्यावरून, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं की मी आणि लेक मिळून पडद्यावर अक्षता टाकायचो. त्या वेळी आमचा फोटो काढायला तिथे कुणीही नव्हतं.

सुगडं मिळायची नाहीत. पहिल्या वर्षी झाडांच्या दुकानातून मातीच्या इवल्या कुंड्या आणल्या. त्यांना खाली भोक असतं, ते कणकेच्या गोळीने बुजवलं, वरून दोरा गुंडाळला, हळदीकुंकवाची बोटं ओढली. आत गाजर, तीळ, शेंगदाणे. बोरं नव्हती, ओला हरभरा नव्हता. शेंगापोळीचं सारण मात्र आईच्या हातासारखं यायला तीन वर्षं लागली. शेंगदाणे मंद आचेवर सोशिकपणे भाजावे लागतात, नाहीतर कूट कडवट होतो आणि गूळही त्याला वाचवत नाही. हे मी इथे राहून शिकलेच नसते, कारण इथे आई होती.

आणि मातीचं म्हणाल तर काका, आपल्या सोलापूरचा पूर्व भाग बघा. तेलंगणातून विणकर आले, मागांवर बसले, गिरण्यांत लागले, आणि येताना सण बरोबर घेऊन आले. पूर्व भागात बतुकम्मा फुलांनी सजते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, आणि तो बघायला आपण सगळेच जातो. त्यांना कुणी म्हटलं का, हे तिकडे आपल्या गावी जाऊन करा म्हणून? गड्ड्यात अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो त्याला आपण ‘यण्णीमज्जन’ म्हणतो, तो शब्दसुद्धा कन्नड. आपलं गाव असं घडलंय. इथला माणूस बाहेर गेला आणि त्याने तेच केलं, तर ते नाटक कसं?

२०२१ आठवतं? कोरोनामुळे मोजक्याच मानकऱ्यांना परवानगी होती. त्या वर्षी अख्ख्या सोलापूरने गड्डा घरात बसून पाहिला. आमच्या आईनेही टीव्हीसमोर उभं राहून अक्षता टाकल्या आणि पदराने डोळे पुसले. त्या वर्षी ती आणि मी, दोघी सारख्याच लांब होतो.

परत आल्यावर यंदा लेकीला पहिल्यांदा कट्ट्याजवळ नेलं. गर्दी एवढी, की तिला माझ्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. मी ‘आता टाक’ म्हणायच्या आत तिची मूठ उघडली होती.

पुढच्या भोगीला काठ्या आमच्या गल्लीवरून जातील तेव्हा थांबा, काका. उंबऱ्यावर काठीला आरती झाली की आत या. शेंगापोळी तव्यावरची गरम वाढीन, तूप घालून. कडवट झाली असेल तर तेही तोंडावर सांगा.