मालक, जरा उलटा करा

मराठवाड्यात जुना गालिचा विकत घ्यायला निघालेल्या माणसाकडं लोक जरा काळजीनं बघतात. पाहुणे आले की सतरंजी, लग्नात जाजम, झोपायला वाकळ आणि थंडी जास्तच पडली तर घोंगडी, एवढ्यात आपल्या बुडाखालचा सगळा विषय संपतो. त्यात आपण म्हणायचं, मला हातानं विणलेला, जुना, जमलं तर इराणी गालिचा पाहिजे. समोरचा विचारतो, "नवा कामून नको?" याला उत्तर नाही. जुनी गाडी का घेतली ते सांगता येतं. परक्या लोकांनी साठ-सत्तर वर्षं तुडवलेली लोकर नव्यापेक्षा जास्त पैसे मोजून का आणायची, हे समजावून सांगायला गेलं की निम्म्या वाटेत आपलं आपल्यालाच पटेनासं होतं.

तरी मी बघत हिंडतो. संभाजीनगरला पर्यटकांच्या वाटेवर शोरूम आहेत, जुना माल घेणारे-विकणारे आहेत, शिवाय "आमच्या मामांच्या घरी एक पडलाय" म्हणणारे तर प्रत्येक तालुक्यात आहेत. सगळीकडं सुरुवात सारखीच. चहा येतो, एवढा गोड की तो प्यायल्यावर किंमत कमी करा म्हणायला जीभ उचलत नाही. मग दोन पोरं गालिचे उलगडायला लागतात. एकावर एक, एकावर एक. वरून पिवळ्या दिव्यांचा झोत. मग एक पोरगा वरचा गालिचा दोन्ही टोकांना धरून गर्रकन फिरवतो आणि फिकट दिसणारा गालिचा एकदम गडद होतो. "देखो साब, दो रंग!" गिऱ्हाईक खलास.

यात जादू काही नसते. गाठ मारून कापलेल्या लोकरीची लव कायम एकाच बाजूला झुकलेली असते, विणायला जिथून सुरुवात झाली त्या टोकाकडं. लवेच्या अंगानं बघितलं की उजेड परावर्तित होतो आणि रंग फिकट, विरुद्ध बाजूनं बघितलं की गडद. लव असलेला कुठलाही गालिचा हा खेळ करून दाखवतो, अगदी कारखान्यातलाही. म्हणून दोन्ही टोकांना उभं राहून बघायचं, आणि शेवटी दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात आणून बघायचं. दारात आणा म्हटलं की पोरांचा उत्साह निम्म्यानं कमी होतो.

त्यानंतर हवेली येते. जुना गालिचा म्हटला की तो निजामाच्या जमान्यातल्या कुठल्यातरी हवेलीतूनच निघालेला असतो. मी आजवर बघितलेल्या गालिच्यांची लांबी-रुंदी मनातल्या मनात मांडली, तर त्या हवेल्यांच्या दिवाणखान्यांत सगळे मावणार नाहीत. नवाबांना अंगणात, गच्चीवर आणि तबेल्यात सुद्धा गालिचे अंथरावे लागले असतील. हवेलीची गोष्ट ऐकून घ्यावी, मान डोलवावी आणि तिचा एक रुपयाही धरू नये.

वयाचं मात्र असं सोडून देता येत नाही. शंभराच्या पुढचा तो अँटीक आणि त्याच्या आतला, साधारण तीस-चाळीस वर्षांच्या वरचा तो व्हिंटेज, असा बाजारातला हिशोब. आपल्याकडं एका पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तेच सोयीचं. तसा बाजारातल्या गालिच्यांचा जन्म सरसकट १९०० च्या आसपास झालेला असतो. यावर एक उतारा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची हातानं घडवलेली कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि कुणालाही ती आपल्या मर्जीनं देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा मालक "एकशेवीस वर्षं" म्हणाले की शांतपणे विचारायचं, "परवाना बघायला मिळेल का?" गालिचा तिथल्या तिथं तरणा होतो. मघाशी आजोबांच्या जन्माआधीचा असलेला माल दोन मिनिटांत "असंल सत्तर-ऐंशीचा" होतो.

काही गालिच्यांवर सालच विणलेलं असतं आणि तिथं आपण जास्त फसतो, कारण लिहिलेल्यावर आपला विश्वास. साल बहुतेक वेळा हिजरी. हिजरी सालातून त्याचा तेहेतिसावा भाग वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे, की इसवी सन येतो. १३४४ असेल तर वजा ४१, राहिले १३०३, त्यात ६२२, म्हणजे १९२५. आता अरबी लिपीतला तीन म्हणजे तीन दातांचा आकडा आणि दोन म्हणजे दोन दातांचा. चार-सहा गाठी उपसून तीनाचा एक दात पाडला की १३४४ चं १२४४ होतं, म्हणजे १८२८. एका दाताला सत्त्याण्णव वर्षं! म्हणून सालातल्या आकड्यावर बोट फिरवायचं, मागून गाठी बघायच्या. तेवढ्याच जागेची लोकर वेगळी, रंग ताजा किंवा गाठ सैल दिसली तर समजून घ्यायचं. आमच्याकडं उर्दू वाचणारी माणसं मिळतात ही सोय मोठी, पण त्यांना आधी सांगावं लागतं की बाबा, हे जमिनीचं कागद नाही. नाहीतर सवयीनं निजामाच्या काळातल्या महसुली कागदांवरचं फसली साल धरून ५९० मिळवतात आणि गालिचा १९३४ चा करून टाकतात.

पण खरी परीक्षा पाठीची. गालिच्याचं तोंड बघून जो भाव करतो तो गेलाच. "मालक, जरा उलटा करा," एवढं वाक्य पाठ केलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

उलटा केल्यावर पाठीवर कापड चिकटवलेलं दिसलं, तर तो टफ्टेड. म्हणजे ताणलेल्या कापडात यंत्राच्या बंदुकीनं लोकर ठोकलेली आणि मागून रबराच्या चिकानं धरून ठेवलेली. बंदूक हातात धरतात म्हणून मालक "हॅन्डमेड" म्हणतात, ते खोटंही नसतं. पण त्यात गाठ एकही नसते. आमच्या उन्हाळ्यात तो चीक वाळतो, त्याचा भुगा होतो आणि झाडलोट करताना फरशीवर पांढरी भुकटी सापडायला लागते. घरातले आधी पोरांवर संशय घेतात.

कापड नसेल आणि पुढची नक्षी मागंही तितकीच स्वच्छ दिसत असेल, तर अर्धं काम झालं. आता दशा बघायच्या. हातमागाच्या गालिच्यात दशा म्हणजे ताण्याचेच, विणीतले उभे धागे, आतून सरळ बाहेर आलेले. मशीनच्या गालिच्याला त्या नंतर शिवून लावलेल्या असतात, टाक्याची ओळ बोटाला लागते. जुन्या खऱ्या गालिच्यावरही कुणीतरी हौसेनं नव्या दशा शिवलेल्या असू शकतात, कारण मूळच्या झिजून गेल्या. तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये. पण दशांवरून दशा बरीचशी कळते.

मग गाठी मोजायच्या. खिशात शाळेतली सहा इंची पट्टी ठेवा. पाठीवर एक इंच आडव्या गाठी मोजा, एक इंच उभ्या मोजा, गुणाकार करा. बारा आणि दहा भरल्या तर चौरस इंचाला १२०. पाच बाय सातचा गालिचा म्हणजे ५,०४० चौरस इंच, म्हणजे सहा लाखांच्या वर गाठी. चांगला कारागीर दिवसाला सात-आठ हजार गाठी मारतो. म्हणजे एका माणसाचे पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी दिवस. हा हिशोब उलटा वापरायचा असतो. कुणी म्हणालं, पाच बाय सात, अस्सल रेशीम, इंचाला चारशे गाठी, फक्त पंधरा हजार. वीस लाख गाठी, अडीचशे दिवस, दिवसाला साठ रुपये. रोजगार हमीवर याच्या कितीतरी पट मिळतात. आणि यात रेशीम फुकट धरलंय. म्हणजे एकतर गाठी नाहीत, नाहीतर रेशीम नाही. बहुतेक वेळा दोन्ही नसतं.

गाठ साधारणपणे ताण्याच्या दोन धाग्यांवर बसते. काही विणकर चार धाग्यांवर एकच मारतात, त्याला जुफ्ती म्हणतात. निम्मे कष्ट वाचतात आणि लव विरळ होऊन लवकर झिजते. अर्थात गाठी जास्त म्हणजे गालिचा भारी, हेही खरं नाही. हेरिझ, कझाक किंवा बलुची गालिच्यात इंचाला पन्नास-ऐंशीच गाठी असतात, आणि त्याच त्यांच्या रांगड्या नक्षीला शोभतात. भाकरी जाड झाली म्हणून ती पोळीपेक्षा हलकी ठरत नाही.

रेशमाचं म्हणाल तर "आर्ट सिल्क" मधला आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. बांबू सिल्क हेही बहुधा व्हिस्कोजच, म्हणजे झाडाच्या लगद्यापासून केलेला धागा. मालकांना विचारून लवेचा एक बारीक झुबका काढायचा आणि दुकानाबाहेर जाऊन जाळायचा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख चिमटीत चुरते. व्हिस्कोज कागदासारखं जळतं. नायलॉन किंवा अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. हे सगळं आत, गालिच्यांच्या ढिगाजवळ करू नये. सांगायची गरज नाही, पण सांगितलेलं बरं.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून अर्धा मिनिट चोळायचा. रुमाल लाल झाला तर रंग कच्चा, किंवा टक्कल पडलेल्या जागी कुणीतरी स्केचपेन फिरवलंय. १८५६ पर्यंत रासायनिक रंग नव्हतेच. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा असा कारभार होता. पुढं आलेले सुरुवातीचे स्वस्त रंग उन्हानं उडायचे आणि पाण्यानं पसरायचे. लव बोटांनी फाकून मुळापर्यंत बघा. टोकाला फिकट आणि खाली हळूहळू गडद होत गेलं असेल तर ते काळाचं काम. वरती राखाडी आणि मुळाशी एकदम भडक गुलाबी असेल तर कच्चा रंग उडालेला. आणि सगळीकडं सारखाच चहाच्या पाण्यासारखा तपकिरीपणा असेल तर तो चहाच समजा. नव्या मालाला चहात, रसायनात बुचकळून, उन्हात टाकून म्हातारा करतात.

नकली म्हातारपणाला एक गोष्ट अवघड जाते. जुन्या रंगकामात काळ्या-तपकिरी रंगासाठी लोखंडाचे क्षार वापरायचे आणि ते लोकर हळूहळू खातात. म्हणून खऱ्या जुन्या गालिच्यात काळ्या रेघा आजूबाजूच्या लवेपेक्षा खचलेल्या असतात, हात फिरवला की नक्षी उठावदार लागते. कात्रीनं तशी करतात, पण कात्रीची धार एकसारखी असते. आणखी एक: मैदानातला, म्हणजे किनारीच्या आतल्या भागातला निळा मधूनच पट्ट्यानं बदलला तर दचकू नका. त्याला अब्राश म्हणतात. रंगवलेली लोकर संपली, दुसरी रंगवली, छटा थोडी वेगळी उतरली. भिंत अर्धी झाल्यावर रंगाचा दुसरा डबा आणला की आपल्या घरीही अब्राश होतो, फक्त पेंटरशी भांडण होतं.

नावांचं फार मनावर घेऊ नये. बुखारा नावानं विकला जाणारा गालिचा मुळात तुर्कमेनांचा. बुखाऱ्याच्या बाजारातून विकला गेला म्हणून ते नाव. पैठणी येवल्यात विणतात आणि नाव पैठणचं राहतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. काशान हे इराणातलं गालिच्यांचं शहर. तेव्हा विचारायचं एवढंच, "काशानचा आहे की काशान डिझाइनचा?" डिझाइन शब्द निघाला की पत्ता काश्मीर किंवा उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडं वळतो. ते गालिचेही छान असतात; फक्त भाव इराणचा लावू नये.

मग टेपानं चारही बाजू. हातमागावर दोन-तीन इंचांचा फरक चालतो. पण एका बाजूची किनार गायब असेल तर गालिचा कापलेला आहे. ही खोड थोरामोठ्यांच्या घरची आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं १८९३ मध्ये २,००० पौंडांना घेतलेला प्रसिद्ध अर्दबील गालिचा जोडीतल्या दुसऱ्याचे तुकडे लावून दुरुस्त केलेला आहे. तो दुसरा किनारीवाचून लॉस एंजेलिसला आहे.

शेवटी वास आणि आवाज. नाक खुपसून वास घ्यायचा. ओल आणि मांजर लपत नाही. कोपरा कानाशी धरून हलकेच दुमडायचा. पापडासारखा कटकट आवाज आला तर आतला सुती ताणा कुजलाय, बहुधा वर्षानुवर्षं ठेवलेल्या कुंडीच्या पाण्यानं. तसा गालिचा फुकटही घेऊ नये. पाठीवर जाळी, वाळूसारखे कण, नागमोडी खाल्लेली लव दिसली तर कसर लागलीय. ती अंधारात, दिवाणाखाली, कुणी न हलवलेल्या जागी वाढते. उघड्या खोलीत ठेवलेल्या डांबरगोळ्यांना ती फारशी जुमानत नाही. दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम आणि लव खाली करून थोडा वेळ ऊन, हा घरचा इलाज.

आणि घेण्याआधीच घरातल्यांकडून एक वचन घ्यायचं. नवरात्राच्या आधी दसरा काढतात, घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या, चादरी धुण्याला निघतात. तेव्हा हा गालिचा कुणाच्या नजरेस पडता कामा नये. एकदा का तो सोड्याच्या पाण्यात भिजला, दंडुक्यानं झोडपला आणि दोरीवर वाळत पडला, की लाल रंग पांढऱ्यात, पाण्याच्या वजनानं ताणा लांब, आणि वरून "बघा, किती मळ निघाला!" असं ऐकावं लागतं. तो मळ नसतो, मंजिष्ठा असते.

एवढ्यातूनही गालिचा पास झाला, भाव ठरला, तर पक्की पावती मागायची. तिच्यावर हाताच्या गाठींचा आहे, लोकर सुती ताण्यावर, विणला कुठं, अंदाजे वय, माप, दुरुस्ती कुठं केलीय, हे सगळं लिहून घ्यायचं. मी हे सावकाश सांगतो. मालक ऐकून घेतात, पेन उघडतात, वयापाशी जरा थांबून म्हणतात, "नव्याण्णव लिहू का साहेब?" मग आपणच विचार करून वय खोडतात आणि लिहितात: गालिचा जुना, १ नग.